गिरणी कामगार गर्भवतींच्या रक्तक्षयावर उपाय शोधणाऱ्या डॉ. लुसी विल्स
मुंबईतील कापड गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांना ग्रासणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी डॉ. लुसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या विल्स यांनी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचे अध्ययन केले होते. वैद्यकाकडे त्या उशिराच वळल्या.

रोगामागे जंतुसंसर्ग असावा, हा संशय तपासाअंती टिकला नाही. मग त्यांनी या स्त्रियांच्या ताटात काय पडते, याकडे लक्ष वळवले. गरिबीतला तो आहार निकृष्ट होता. प्रयोगशाळेतील आजारी माकड मार्माइट या यीस्टच्या अर्काने सुधारले. त्याच अर्काने गर्भवतींच्या रक्तातही पालट दिसला. यकृताचा अर्कही गुणकारी होता, परंतु मार्माइट स्वस्त होते आणि गिरणी कामगारांच्या घरी हाच प्रश्न मोठा होता. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील गुणकारी द्रव्य मात्र अज्ञात राहिले. त्याला ‘विल्स घटक’ म्हटले गेले.

१९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले. विल्स यांचे १९६४ मध्ये निधन झाले. आज देशभरातील आरोग्य केंद्रांत गर्भवतींना लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते.