पडद्यावरची खार गेली आणि सूर्य आला : राजालाही हेवा वाटेल असा महाल बांधणाऱ्या मंत्र्याची गोष्ट

सतराव्या शतकातला फ्रान्स. निकोला फुके हे तिथलं मोठं प्रस्थ. 1615 साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा माणूस 1653 मध्ये राज्याच्या तिजोरीचा प्रमुख झाला.

त्याच्या घराण्याचं चिन्ह होतं खार. पश्चिम फ्रान्सच्या बोलीत खारीला फुकेच म्हणतात. खार सरसर वर चढते, फुकेही तसाच चढत गेला. त्यानं वो-ल-व्हिकोंत इथं भव्य महाल बांधला आणि त्याच्या सजावटीसाठी जवळच्या मँसी गावात विणकामाचा कारखाना काढला. चित्रकार शार्ल ल ब्रुं तिथं नमुने काढायचा. त्यातला एक होता दारावर लावायच्या पडद्याचा. त्यावर कीर्तीचं रूपक असलेल्या पंखधारी स्त्रिया होत्या. ही कीर्ती अर्थातच फुकेची!

17 ऑगस्ट 1661 ला फुकेनं चौदाव्या लुईला महालावर जंगी मेजवानी दिली. तो थाट बघून राजा चिडला आणि फुके संपला, असं सांगितलं जातं. खरं तर त्याला हटवायचं राजानं आधीच ठरवलं होतं. तिजोरीत घोटाळा केल्याचा ठपका ठेवून कोल्बेर त्याच्या मागे लागला होता. या कोल्बेरच्या घराण्याचं चिन्ह होतं साप.

5 सप्टेंबरला नॉन्त शहरात फुकेला अटक झाली. अटक करणारा होता दार्तान्याँ, पुढे कादंबऱ्यांमुळे गाजलेला तोच शिलेदार. खटला तीन वर्षं चालला. न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली, पण राजानं ती वाढवून जन्मठेप केली.

महालाचे कलावंत राजाकडे गेले. मँसीचे विणकर पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात आले आणि ल ब्रुं तिथला प्रमुख झाला. पडद्याचा जुना नमुनाही वाया गेला नाही. पंखधारी स्त्रिया तशाच राहिल्या, पण मानचिन्ह राजाचं आलं. फ्रान्सची निळ्यावरची सोनेरी लिलीची फुलं, नवारची लालवरची सोनेरी साखळी आणि लुईचा लाडका सूर्य. तीच कीर्ती आता राजाची झाली.

फुके 1680 मध्ये पिन्यरोलच्या किल्ल्यात, कैदेतच वारला. राजाचे पडदे आज संग्रहालयांत आहेत. पण वो-ल-व्हिकोंतच्या महालात गेलात, तर नक्षीकामात फुकेची खार अजूनही दिसते.