बकरीच्या दुधाचा तोडगा

ऑगस्ट १८९३. एका खटल्याच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात आलेल्या २३ वर्षांच्या एका बॅरिस्टराने ठरवले, की यापुढे चुलीवर चढलेले काही खायचे नाही. लंडनच्या शाकाहारी मंडळात अन्न शिजवल्याने त्यातली जीवनशक्ती जाते, असा सिद्धांत मांडणारे काही जण होते. मोहनदास गांधींना तो तपासून पाहायचा होता. भिजवलेले गहू, वाटाणे, तांदूळ, बेदाणे, बदाम-अक्रोड आणि फळे असा आहार सुरू झाला. रोजची नोंद ठेवली गेली. पंधरवडा पुरा व्हायच्या आतच दात दुखू लागले, अंगातली शक्ती गेली आणि प्रयोग थांबला. गांधीजींनी हे अपयश लपवले नाही. पुढच्या वर्षी लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ या साप्ताहिकात त्याची सविस्तर हकीकत छापून आली.

आहाराचे हे वेड एकट्यापुरते असते तर गोष्ट एवढ्यावर संपली असती. पण गांधीजींना बायको होती, चार मुलगे होते, पुढे तर आश्रमच्या आश्रम होते. त्यांच्या प्रत्येक प्रयोगाचे ताट घरच्यांपुढेही आले.

१९०२ मध्ये कुटुंब मुंबईत गिरगावात राहत होते. दुसरा मुलगा मणिलाल दहाएक वर्षांचा. त्याला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनियाची लक्षणे, रात्री वात. पारशी डॉक्टरांनी पाहिले आणि सांगितले, की औषधाचा फारसा उपयोग नाही, मुलाला अंडी आणि कोंबडीचे सूप द्या. गांधीजींनी नकार दिला. मुलगा मोठा असता तर त्यालाच विचारले असते, पण तो लहान असल्याने निर्णय आपल्यालाच घ्यावा लागेल, अशी त्यांची भूमिका होती. डॉक्टरांनी रोज नाडी तपासायला यावे, उपचार मात्र आपण करू, असे ठरले. जर्मन निसर्गोपचारक कुने यांच्या पद्धतीची कटिस्नाने आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर तीन दिवस गेले. ताप १०४ वर. एका रात्री त्यांनी मुलाला ओल्या चादरीत गुंडाळले, वर ब्लँकेटे घातली, त्याला आईच्या स्वाधीन केले आणि स्वतः चौपाटीवर फिरायला निघून गेले. मुलाच्या जिवाशी आपण खेळत तर नाही ना, या विचाराने त्या रात्री त्यांना घेरले होते. परत आले तेव्हा मणिलाल घामाने भिजला होता आणि ताप उतरत होता. त्यानंतर चाळीस दिवस तो पातळ दूध आणि फळांच्या रसावर राहिला.

मुलगा वाचला. पण कशाने, ते ठरवता येत नाही, हे पुढे गांधीजींनीच मान्य केले. तेव्हा विषमज्वरावर प्रतिजैविक नव्हते. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होत, काही दगावत. अंड्यांनी ताप उतरला नसता हे खरे, पण आठवड्यांमागून आठवडे चालणाऱ्या तापात शरीर झिजते आणि डॉक्टरांना चिंता होती ती त्या झिजेची. पातळ का होईना, ती भरून काढायला दूध मिळाले. या घरात त्या वेळी दूध निषिद्ध नव्हते, हे मणिलालचे नशीब म्हणायचे.

पुढची पाळी कस्तुरबांची. दक्षिण आफ्रिकेत त्यांना वारंवार रक्तस्राव होत असे. डर्बनला एका डॉक्टर मित्राने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, तीही क्लोरोफॉर्मशिवाय, कारण प्रकृती तेवढी खालावली होती. गांधीजी जोहान्सबर्गला असताना डॉक्टरांचा फोन आला, की त्यांना गोमांसाचे सार देणे भाग आहे. गांधीजी डर्बनला पोचले. आपल्या इस्पितळात असेपर्यंत रुग्णाला काय द्यायचे ते आपण ठरवू, नाहीतर तिला घेऊन जा, यावर डॉक्टर ठाम. डॉक्टरांचा राग समजण्यासारखा आहे. शेवटी विचारले गेले ते कस्तुरबांना आणि त्यांनी स्पष्ट नकार दिला. रिमझिम पावसात, अंगात त्राण नसताना त्यांना आगगाडीने आणि नंतर झोळीत घालून फिनिक्स आश्रमात नेण्यात आले. मांसाहार शास्त्रसंमत आहे असे पटवायला तिथे एक स्वामीही येऊन गेले. कस्तुरबांनी त्यांनाही वाटेला लावले.

म्हणजे कस्तुरबा नवऱ्याच्या मागे फरपटत गेल्या, असे म्हणता येत नाही. त्यांना जे पटे ते त्या नवऱ्याइतक्याच हट्टाने पाळत, आणि पटले नाही तर तसे सांगत. काही काळाने रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तेव्हा गांधीजींनी मीठ आणि डाळी सोडायचा आग्रह धरला. कस्तुरबांनी सुनावले, की तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हालाही हे जमणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथे दोन्ही वर्षभरासाठी सोडल्याचे जाहीर केले. कस्तुरबा रडल्या, विनवण्या केल्या, पण शब्द मागे घेतला गेला नाही. मग त्यांनीही दोन्ही सोडले. घरात एखाद्याने आहार बदलला की बाकीच्यांवर न बोलता कसा दाब येतो, त्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

दूध गेले ते १९१२ मध्ये. जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरच्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी आणि त्यांचे वास्तुविशारद मित्र हर्मन कॅलनबाख राहत होते. जास्त दूध निघावे म्हणून कलकत्त्याचे गवळी गायी-म्हशींचे किती हाल करतात, याविषयीचा मजकूर वाचनात आला आणि दोघांनी दूध सोडले. मग शिजवलेलेही जवळजवळ बंद झाले. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल एवढाच आहार. आज ज्याला रॉ व्हीगन म्हणतात तो हाच. गंमत म्हणजे तो मानवलाही. शहरात पायी जाऊन त्याच दिवशी पायी परत येण्याइतकी ताकद गांधीजींच्या अंगात होती. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यांनी गुजरातीत आरोग्यावर लेखमाला लिहिली, तीही याच आत्मविश्वासाने.

शेंगदाणे आणि तेल यांत उष्मांक भरपूर असतात, त्यामुळे तेव्हा पोटाला काही कमी पडले नसावे. शिवाय शरीर काही गोष्टींची शिल्लक बाळगून असते. ब-१२ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि रोजची गरज अवघी दोनएक मायक्रोग्रॅम, त्यामुळे दूध सोडल्यावरही मोठ्या माणसाला वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. दूध सोडून सहा महिने झाले आणि आपण ठणठणीत आहोत, या अनुभवाने म्हणूनच फारसे सिद्ध होत नाही. लहान मुलांकडे ही शिल्लक नसते. आईच्या शरीरातच ब-१२ कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला रक्तक्षय होऊ शकतो, त्याची वाढ थांबू शकते, शिकलेल्या हालचाली ते विसरू शकते.

१९१४ मध्ये लंडनला गांधीजींना फुप्फुसाच्या आवरणाला सूज येण्याचा आजार झाला. जीवराज मेहता उपचार करत होते. दूध घ्या, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः आजारी असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही तोच आग्रह धरला. ज्यांना गुरू मानले त्यांना नाही म्हणायचे, म्हणून गांधीजींनी एक रात्र विचार केला आणि सकाळी नाहीच म्हटले. गोखले नाराज झाले, पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. अखेर शाकाहारी डॉक्टर अ‍ॅलिन्सन यांनी किसलेला मुळा, बीट, कांदा अशा कच्च्या भाज्या आणि फळे सुचवली. थोडा उतार पडला, पण दुखणे हटेना. शेवटी लंडनच्या थंडीलाच कंटाळून गांधीजी भारतात परतले.

खरी कसोटी लागली १९१८ मध्ये. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी ते गावोगाव पायपीट करत होते. खाणे मुख्यतः शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू. पोट बिघडले असताना एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग त्यांनी खाल्ले आणि जोराची आव लागली. औषध नको, इंजेक्शन नको, दूध नको. आपण आता जगत नाही, असे त्यांना स्वतःलाच वाटू लागले. पुढे विश्रांतीसाठी माथेरानला नेले, पण तिथले जड पाणी मानवले नाही. मुंबईत डॉ. दलाल यांनी तपासले. लोह आणि आर्सेनिकची इंजेक्शने आणि दूध, एवढे घेतले तर शरीर पुन्हा उभे करून देतो, असे त्यांनी सांगितले. इंजेक्शने चालतील, पण दुधाचे व्रत आहे, असे गांधीजींचे उत्तर. पलंगाशेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी तेव्हा तोडगा काढला. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग बकरीचे दूध घ्यायला काय हरकत आहे? डॉक्टरांनीही तो उचलून धरला आणि गांधीजी कबूल झाले.

व्रताचा शब्द पाळला, आत्मा मारला, ही खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिली आहे. दुधाची जागा घेणारा वनस्पतिजन्य पदार्थ कोणाला ठाऊक असेल तर कळवावा, असे आवाहनही तिथे आहे. प्रकृती मात्र सुधारली. माणूस जिवंत राहिला तो बायकोच्या या व्यवहारी युक्तीमुळे, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

एवढे होऊनही १९२९ मध्ये, साठीला टेकलेले असताना, त्यांनी साबरमतीत पुन्हा न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मांडला. आंध्रच्या दौऱ्यात भेटलेल्या एका प्रचारकाने ती कल्पना पुन्हा डोक्यात घातली होती. या वेळी बरेच आश्रमवासीही सामील झाले. मोड आलेले गहू आणि हरभरे, कच्च्या पालेभाज्या, खोबरे, बेदाणे, लिंबू, मध, आणि दुधाऐवजी बदामाचे वाटण. ‘यंग इंडिया’त त्याचे अहवाल येत राहिले आणि त्यात घटणाऱ्या वजनांची कबुलीही होती. ऑगस्टमध्ये गांधीजींना पुन्हा आव झाली. प्रयोग बंद झाला आणि बकरीचे दूध परत सुरू झाले.

मोड आणल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषायला अडथळा करणारे घटक कमी होतात, त्यामुळे कल्पना अगदीच चुकीची नव्हती. पण कच्च्या डाळी-कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. भिजवून आणि मोड आणून ते थोडे घटतात, शिजवल्यावर बऱ्याच अंशी निकामी होतात. गहू-तांदळातला पिष्टमय भाग शिजल्याशिवाय नीट पचत नाही. गाजरातले बीटा कॅरोटीनही शिजवल्यावर जास्त मिळते. मोड आलेल्या धान्याच्या ओलाव्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि विस्तव त्यांना मारतो. मुलाचे पोट लहान असल्याने कच्च्या पाल्याने ते लवकर भरते, उष्मांक मात्र पुरेसे जात नाहीत. जर्मनीत दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा बंद पडली होती.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर नवे पुस्तक लिहिले. आफ्रिकेतल्या लेखमालेतली मते त्यांनी तपासून घेतली आणि शाकाहारी माणसाला दूध किंवा दुधाचे पदार्थ लागतात, असे अनुभवाच्या आधारे नमूद केले. वनस्पतींतून पर्याय सापडेल ही आशा मात्र सोडली नाही. कस्तुरबाही त्याच वाड्यात स्थानबद्ध होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

दुधातून मिळणारे आणि पाल्यातून न मिळणारे ते ब-१२ नावाचे लाल स्फटिक अमेरिका आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी वेगळे काढले ते १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर थोड्याच महिन्यांनी. ते ना वनस्पती बनवतात, ना प्राणी. ते बनवतात सूक्ष्मजीव. आज ते कारखान्यात याच सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतले जाते आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात त्याची गोळी मिळते. दूध सोडलेल्या घरात ती लहानमोठ्या सगळ्यांनाच लागते. गर्भवती, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुले यांचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून ठरवावे लागते.