पंडिता रमाबाई आणि बालकांचे शिक्षण

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या मंडळ्यांतून कोणास ठाऊक नाही? केडगावचे मुक्तिसदन, विधवांची सेवा आणि सोप्या मराठीतील पवित्र शास्त्र, या तीन गोष्टी बहुतेकांनी ऐकल्या आहेत. परंतु लहान बालकांस कसे शिकवावे या कामीही बाईंनी मोठे श्रम केले, हे थोड्यांस माहीत आहे. शाळेत जाण्याच्या वयाची नाहीत म्हणून जी लेकरे आपण उकिरड्यावर खेळण्यास सोडून देतो, त्यांच्या हिताची ही गोष्ट आहे. म्हणून बाईंचे चरित्र आज या बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी विद्या शिकू नये असा त्या काळी लोकांचा दृढ समज असे. तरी शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस संस्कृत शिकविले व त्यापायी लोकांचा रोष पत्करून रानात आश्रम केला. रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, ते पुढे कधी एका ठिकाणी फार दिवस स्थिर झाले नाही.

अशा फिरत्या घरात शाळा कोठली आणि फळा कोठला? वडील वृद्ध झाले होते, म्हणून शिकविण्याचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम व पाहुणे यांतून तीस सवड नसे. तेव्हा ती उजाडण्यापूर्वी मुलीस गोड शब्दांनी जागी करी, मांडीवर घेई, आणि झाडांवर पाखरे किलबिलू लागली असता धडा म्हणवून घेई. हातात पुस्तक नसे. आईचे मुख हेच पुस्तक. त्या धड्यांतून रमेस हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. १८७४ साली थोड्याच काळात वडील व आई दोघेही वारली, आणि थोरली बहीणही गेली. रमा व तिचा भाऊ श्रीनिवास ही दोघे उपाशीतापाशी, पायी, देशभर हिंडली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली गृहस्थांशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ व पती ही सर्व गेली. राहिली ती कडेवरची मुलगी आणि आईने पहाटे दिलेली विद्या.

१८८३ साली बाई इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी ता. २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस फिलाडेल्फिया शहरी गेल्या. समारंभ आटोपून लवकर परतावे असा बेत होता, परंतु त्या दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. त्याचे एक कारण त्यांनी तेथे पाहिलेल्या बालकांच्या शाळा हे होय.

या शाळांचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल हा जर्मनीतील एका पाळकाचा मुलगा. एक वर्षाचा होण्याआधीच त्याची आई वारली व त्याचे बाळपण हेळसांडीत गेले. म्हणूनच की काय, लहान मुलांविषयी त्यास अपार कळवळा असे. १८४० साली त्याने आपल्या शाळेस किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. लेकरू हे रोपटे व शिक्षक हा माळी, असे तो मानी. माळी रोप ओढून वाढवीत नाही. तो माती, पाणी व ऊन यांची तजवीज करतो. फ्रोबेलच्या शाळेत मुले लोकरीचे चेंडू व लाकडी ठोकळे हाताळीत, कागदाच्या घड्या घालीत, मातीचे आकार करीत, गाणी म्हणत. प्रत्येक मुलास बागेत आपला एक लहानसा वाफा असे. वसंत ऋतूत त्याने त्यात बी पेरावे, रोज पाणी घालावे, अंकुर पाहावा. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. १८६० साली बंदी उठली. तोवर हे बी दूरदेशी रुजले होते.

रमाबाई या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी वर्गात जाऊन बसल्या. ज्या बाईस कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, ती आता चेंडू, ठोकळे व कागदाच्या घड्या शिकू लागली! यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हिंदुस्थानातील बालविधवा या विद्येत तयार झाल्या तर त्यांस मानाची भाकर मिळेल, हा त्यांचा विचार होता. जिचे तोंड पाहणे लोक अशुभ मानीत, तिच्याच हाती लोकांनी आपली लेकरे सोपवावी, एवढी मोठी क्रांती त्या साध्या ठोकळ्यांत दडली होती.

ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. गोदूबाई नावाची बालविधवा तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ साली तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. १८९० साली सदन पुण्यास गेले. मुलींस धर्मांतराची ओढ लागते असा १८९३ साली मोठा गवगवा झाला, सल्लागार मंडळींनी हात काढून घेतला व पुष्कळ पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. बाई डगमगल्या नाहीत.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा ज्या मध्यप्रांतात होता, त्या प्रांतात बाई स्वतः आल्या. आपल्या आईबापांचे मरण त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया येथून नेल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, झाडे लावली, आणि मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

या लेकरांस शिकविणार कोण? शारदा सदनात तयार झालेल्या विधवाच पुढे आल्या. काल ज्यांस घरच्यांनी कोपऱ्यात बसविले होते, त्याच आज अनाथ पोरींच्या गुरू झाल्या. भुकेने ज्यांचे मन बधिर झाले होते त्या मुलींस एकदम अक्षरे कशी यावी? हातास काम, डोळ्यांस रूप व कानास गाणे यांच्या वाटेने त्यांचे मन जागे करावे लागले. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीची सोय झाली. त्या बोटांनी वाचू लागल्या. या सर्व कामात मनोरमा आईचा उजवा हात होती. १९२१ च्या जुलैत ती वारली. बाईंनी तेही दुःख सोसून शास्त्राचे भाषांतर पुरे केले, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

प्रिय उपदेशक बंधूंनो व मातांनो, या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आज गावोगावी अंगणवाडी आहे, ही देवाची कृपा समजून लेकरांस तेथे नियमाने पाठवावे. परंतु चैत्रात मोह गळू लागला म्हणजे नाकाडोंगरीकडील कित्येक माता पहाटेच टोपली घेऊन रानात जातात, आणि लेकरेही त्यांच्या मागे जातात. ते दिवस वाया गेले असे मानू नये. मोहाची फुले वेचताना पाचपाचाचे वाटे करवावे. पळसाचे पान व तेंदूचे पान शेजारी ठेवून भेद विचारावा. कोणते पाखरू बोलले ते ओळखावयास लावावे. चिंचोके रांगेत मांडून अंक शिकवावे. घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर एक हात लांबीचा वाफा लेकराच्या नावाचा करून द्यावा व त्यात भोपळ्याचे बी त्याच्याच हाताने लावावे. यास पैसा लागत नाही. लक्ष्मीबाईंजवळ तरी काय होते?

आपल्या प्रभूनेही रानातील फुले, आकाशातील पाखरे व मोहरीचा दाणा यांवरून मोठमोठ्या माणसांस शिकविले. आणि शिष्य बालकांस दूर सारू लागले तेव्हा त्यास राग आला. उपासनेच्या वेळी रडते म्हणून लेकरू बाहेर घालविणाऱ्या मंडळीने याचा विचार करावा. मंडळीतील एखादी विधवा किंवा टाकलेली बहीण असेल, तर रविवारी बालकांचा वर्ग तिच्या हाती द्यावा. बालकांस गुरू मिळेल, आणि तीस मंडळीत मानाची जागा मिळेल. रमाबाईंनी हेच केले.