सुकाणू मानवाच्या हाती

यंत्र मानवाचे श्रम वाचवते. परंतु तेच यंत्र श्रमिकाच्या तोंडचा घासही काढून घेऊ शकते. म्हणून यंत्र कसे चालते एवढे जाणणे पुरेसे नाही. ते कोणासाठी चालते आणि समाजावर त्याचे काय परिणाम होतात, याचाही विचार करावा लागतो. या विचारासाठी ज्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले, अशा शास्त्रज्ञांत अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांचे नाव अग्रभागी आहे.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी मिसूरी राज्यातील कोलंबिया या गावी झाला. वडील लिओ वीनर हे अनेक भाषांचे पंडित होते व पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. मुलाचे शिक्षण त्यांनी स्वतःच हाती घेतले. शिस्त अत्यंत कडक होती. उत्तर चुकले की वडिलांचा आवाज चढे आणि लहानग्या नॉर्बर्टला रडू कोसळे. आठव्या वर्षी त्याची दृष्टी अधू होऊ लागली व डॉक्टरांनी सहा महिने वाचनास बंदी केली. तरी अभ्यास थांबला नाही. धडे ऐकून व गणिते मनातल्या मनात सोडवून त्याने तो काळ काढला.

अकराव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून तो टफ्ट्स महाविद्यालयात दाखल झाला. १९०९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला पदवी मिळाली आणि १९१३ मध्ये, अठराव्या वर्षी, हार्वर्डची डॉक्टरेट. मात्र या कीर्तीबरोबर एकाकीपणही आले. वर्गातील सोबती वयाने बरेच मोठे असत. अधू दृष्टी व अवघडलेले हात यांमुळे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याला यश आले नाही. अखेर तत्त्वज्ञान आणि गणित या विषयांत त्याचे मन रमले. पुढे इंग्लंडमध्ये बर्ट्रांड रसेल व जर्मनीत डेव्हिड हिल्बर्ट यांच्यापाशी अध्ययन करून १९१९ मध्ये वीनर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिक्षक झाले. तेथेच त्यांनी आयुष्यभर ज्ञानसाधना केली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यासमोर एक बिकट प्रश्न आला. तोफेचा गोळा वर पोहोचेपर्यंत शत्रूचे विमान पुढे निघून जाते; मग नेम धरावा कोठे? उंच उडालेला चेंडू झेलणारा खेळाडू चेंडू आता आहे तेथे धावत नाही, तो जेथे पडणार तेथे धावतो. हेच काम यंत्राने करावे, यासाठी वीनर यांनी गणित मांडले. त्यांचे यंत्र युद्धात वापरले गेले नाही. परंतु त्या विचारातून एक मोठे तत्त्व त्यांच्या ध्यानी आले. आपण पेन्सिल उचलतो तेव्हा हात किती चुकतो आहे हे डोळे क्षणोक्षणी कळवतात व हात आपली चाल सुधारतो. यंत्रालाही अशी आपल्या चुकीची वार्ता मिळाली, तर तेही आपली चाल सुधारू शकेल. या तत्त्वावर त्यांनी १९४८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि त्या शास्त्राला सायबरनेटिक्स असे नाव दिले. सुकाणू धरणारा नावाडी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव घेतले आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी ही शहरे अणुबाँबने उद्ध्वस्त झाली. वीनर यांचा त्या कार्यात हात नव्हता. तरी त्यांचे मन व्यथित झाले. पुढच्याच वर्षी एका विमान कंपनीतील शास्त्रज्ञाने त्यांच्या युद्धकालीन निबंधाची प्रत मागितली. ती क्षेपणास्त्रांच्या संशोधनासाठी हवी होती. वीनर यांनी नम्रपणे, पण ठामपणे नकार दिला. आपले ज्ञान निरपराध लोकांच्या संहारासाठी वापरले जाणार हे ठाऊक असता ते देणे म्हणजे त्या कृत्यात सहभागी होणे, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे पत्र जानेवारी १९४७ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ मासिकात प्रसिद्ध झाले. त्या काळी संशोधनाला लष्कराकडून विपुल द्रव्य मिळत असे. वीनर यांनी त्याकडे पाठ फिरवली.

१९४९ मध्ये त्यांनी मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहिले. स्वयंचलित यंत्रांमुळे कामगारांवाचून चालणारे कारखाने उभे राहतील व बेकारी ओढवेल; म्हणून कामगारांनी वेळीच सावध व्हावे, असे त्यांनी कळवले. वीनर यंत्रांचे शत्रू मात्र नव्हते. बहिऱ्या माणसांना बोटांच्या स्पर्शातून बोलणे कळावे, अशा साधनावर त्यांनी स्वतः परिश्रम घेतले. माणसाला यंत्राप्रमाणे राबवू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ या ग्रंथात हाच विचार त्यांनी सर्वसामान्य वाचकांपुढे मांडला.

भारताशीही त्यांचा स्नेह जडला. १९५५-५६ मध्ये त्यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अध्यापन केले. मुंबईचे गणिती पेसी मसानी यांच्यासह त्यांनी केलेले संशोधन गणितात मोलाचे ठरले. पुढे मसानी यांनीच त्यांचे चरित्र लिहिले.

अखेरच्या काळात वीनर एका इंग्रजी कथेचा दाखला देत. एक दांपत्य मंतरलेल्या पंजाकडे २०० पौंड मागते. पैसे मिळतात, पण कारखान्याच्या यंत्रात सापडून मृत्यू पावलेल्या त्यांच्या मुलाची भरपाई म्हणून! यंत्रही असेच असते. ते सांगितलेले तंतोतंत करते. सांगणाऱ्याच्या मनात काय होते, ते त्याला उमगत नाही. म्हणून काय मागावे याचा विवेक माणसानेच केला पाहिजे.

जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ मार्च रोजी, स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत संगणक मोठमोठ्या खोल्या व्यापत असत; पुढे ते घरोघरी आले. यंत्रांची शक्ती वाढली, तसे वीनर यांच्या प्रश्नाचे महत्त्वही वाढले. नौका कितीही वेगवान असली, तरी ती कोठे न्यावयाची हे सुकाणू धरणाऱ्याने ठरवावयाचे असते. आणि ते सुकाणू मानवाने कधीही हातचे सोडू नये, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण आहे.