विल्यम बोडीन

विल्यम वॉशिंग्टन बोडीन (जन्म : १५ जानेवारी १८९२, न्यू यॉर्क, मृत्यू : १८ मार्च १९७०, कॅनोगा पार्क, कॅलिफोर्निया) हे अमेरिकी चित्रपट दिग्दर्शक होते. मूकपटांच्या बाल्यावस्थेपासून दूरचित्रवाणीच्या युगापर्यंत सुमारे साठ वर्षे ते या व्यवसायात होते. १९६६ साली प्रदर्शित झालेले ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’ आणि ‘जेसी जेम्स मीट्स फ्रँकेनस्टाईन्स डॉटर’ हे त्यांचे दोन चित्रपट भयपट आणि वेस्टर्नपट यांच्या संकराची उदाहरणे म्हणून नेहमी सांगितले जातात. बोडीन यांचे नाव आज बहुधा या दोन चित्रपटांच्या निमित्ताने, आणि तेही थट्टेच्या सुरात घेतले जाते. त्यांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध पाहिला की ही ओळख अपुरी वाटते.

पूर्वायुष्य

१९०९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, बोडीन बायोग्राफ कंपनीत दाखल झाले. तेथे डी. डब्ल्यू. ग्रिफिथ चित्रपटाची भाषा घडवीत होते. चित्रीकरणासाठी लागणाऱ्या वस्तूंची ने-आण करण्यापासून पडेल ते काम बोडीन यांनी केले आणि त्यातूनच ते हा व्यवसाय शिकले. १९१४ मध्ये त्यांचा मार्गरिट फ्लायशर यांच्याशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी ते लघुविनोदी मूकपटांचे स्वतंत्रपणे दिग्दर्शन करू लागले.

मूकपटांचा काळ

बालकलाकारांकडून सहज अभिनय करून घेण्याची हातोटी ही बोडीन यांची पहिली ख्याती. ‘पेनरॉड अँड सॅम’ (१९२३) या चित्रपटाने ती पक्की केली. त्यानंतर त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय अभिनेत्रींपैकी एक असलेल्या मेरी पिकफर्ड यांनी त्यांच्यावर ‘लिटल अॅनी रूनी’ (१९२५) आणि ‘स्पॅरोज’ (१९२६) हे चित्रपट सोपवले.

‘स्पॅरोज’ हा बोडीन यांचा सर्वोत्कृष्ट चित्रपट मानावा लागेल. दलदलीच्या प्रदेशात एक क्रूर मनुष्य अनाथ मुलांना डांबून ठेवतो आणि मुलांमध्ये थोरली असलेली मॉली त्या सर्वांना घेऊन रात्री चिखलातून पळ काढते, असे त्याचे कथानक आहे. वठलेली झाडे, काळोखे पाणी, मुलांच्या पायांखालची डुगडुगणारी फांदी आणि तिच्याखाली जबडे उघडून बसलेल्या मगरी ही दृश्ये आजही अंगावर काटा आणतात. मगरी खरोखर मुलांच्या जवळ सोडल्या होत्या की छायाचित्रणाच्या युक्तीने त्या तेथे दिसतात, याबाबत पिकफर्ड आणि छायालेखक हॅल मोर यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. वातावरणातून भय निर्माण करण्याचे तंत्र बोडीन यांना चांगले अवगत होते, एवढे मात्र या चित्रपटावरून निश्चित म्हणता येते.

उतरती कळा

बोलपटांचे आगमन त्यांना बाधले नाही. विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स यांच्यासह केलेला ‘द ओल्ड फॅशन्ड वे’ (१९३४) यशस्वी ठरला. मात्र याच काळात आर्थिक मंदीच्या तडाख्यात त्यांची बरीच साठवण बुडाली. त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि विल हे या विनोदी नटाचे ‘बॉइज विल बी बॉइज’ (१९३५) व ‘विंडबॅग द सेलर’ (१९३६) यांसारखे चित्रपट त्यांनी केले. १९३७ मध्ये ते परतले, तेव्हा हॉलिवूडमधील मोठ्या स्टुडिओंत त्यांच्या पूर्वीच्या मानधनाची जागा उरली नव्हती.

चाळिशीच्या दशकात त्यांनी अल्पखर्चिक चित्रपट काढणाऱ्या मोनोग्राम आदी कंपन्यांची कामे स्वीकारली. तेथे काही दिवसांत चित्रपट उरकावा लागे. पुन्हा पुन्हा चित्रीकरण करण्यास फिल्मही नसे आणि वेळही नसे. बेला लुगोसी यांना घेऊन केलेले ‘द एप मॅन’ (१९४३) आणि ‘व्हूडू मॅन’ (१९४४) हे भयपट याच काळातील आहेत. एकाच प्रयत्नात दृश्य पार पाडणारा, अशा अर्थाचे ‘वन-शॉट’ हे उपनाव त्यांना चिकटले ते याच पद्धतीमुळे. लैंगिक आरोग्याच्या विषयावरील ‘मॉम अँड डॅड’ (१९४५) या त्यांच्या चित्रपटाने त्या काळी मोठी खळबळ उडवली. २००५ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत समाविष्ट झाला.

पुढे दूरचित्रवाणीला असाच वेळेत आणि ठरलेल्या खर्चात काम देणारा दिग्दर्शक हवा होता. ‘रिन टिन टिन’ आणि ‘लॅसी’ या मालिकांचे भाग त्यांनी दिग्दर्शित केले. वॉल्ट डिस्नी यांच्यासाठी त्यांनी ‘वेस्टवर्ड हो द वॅगन्स!’ (१९५६) हा वेस्टर्नपट केला.

१९६६ची जोडी

वेस्टर्नपटात भयाचे मिश्रण करण्याची कल्पना बोडीन यांची नव्हे. ‘कर्स ऑफ द अनडेड’ (१९५९) या चित्रपटात बंदूकबाज पिशाच येऊन गेले होते. कॅरोल केस हे निर्माते असलेल्या या दोन चित्रपटांत दोन्ही परंपरांतील सर्वपरिचित नावे थेट शीर्षकातच जोडली होती. एका तिकिटात दोन चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला पोस्टरवरूनच सारे समजावे, असा हा व्यापारी हिशेब होता. कालदृष्ट्या ही भेट फारशी अशक्य नाही. बिली द किड १८८१ मध्ये आणि जेसी जेम्स १८८२ मध्ये मारला गेला, तर ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

पहिल्या चित्रपटात एक रक्तपिपासू पिशाच मृत प्रवाशाचे नाव धारण करून एका तरुण जमीनमालकिणीचा मामा म्हणून तिच्या गुरांच्या वाडीवर येते. बिली गुन्हेगारी सोडून तेथे मुकादमी करीत असतो आणि तिच्याशी त्याचा विवाह ठरलेला असतो. पिशाचाची भूमिका जॉन कॅराडीन यांनी केली. ‘स्टेजकोच’ (१९३९) मधील जुगारी आणि ‘हाऊस ऑफ फ्रँकेनस्टाईन’ (१९४४) मधील ड्रॅक्युला या दोन्ही भूमिका त्यांच्याच असल्याने या संकरासाठी त्यांच्याइतका योग्य नट दुसरा नव्हता. कॅराडीन यांना मात्र हा चित्रपट मुळीच आवडत नसे. ऑलिव्ह केरी आणि त्यांचे पुत्र हॅरी केरी ज्युनियर हेही यात आहेत. ऑलिव्ह यांचे दिवंगत पती थोरले हॅरी केरी हे बोडीन यांच्याप्रमाणेच बायोग्राफमध्ये ग्रिफिथ यांच्या हाताखाली तयार झाले होते.

यातील पिशाच भरदिवसा हिंडते, यावर टीकाकारांनी बोट ठेवले आहे. परंतु स्टोकर यांच्या कादंबरीतही ड्रॅक्युला दिवसा वावरू शकतो. सूर्यप्रकाशाने पिशाच नष्ट होते हा संकेत पडद्यावरच रूढ झाला. हा आक्षेप म्हणून टिकत नाही. खरा दोष प्रकाशयोजनेत आहे. ‘स्पॅरोज’मधील काळोखाचा येथे मागमूसही नाही. कॅराडीन यांच्या चेहऱ्यावर लाल प्रकाश टाकून संमोहन सुचवण्यापलीकडे दिग्दर्शकाने काही केलेले नाही. अखेरीस बिलीच्या गोळ्यांनी पिशाचाला काहीच होत नाही, तेव्हा तो रिकामे पिस्तूल फेकून मारतो आणि त्या आघाताने ते कोसळते. हे दृश्य हास्यास्पद ठरले आहे. तथापि वेस्टर्नपटाचे मुख्य शस्त्र भयपटाच्या राज्यात निरुपयोगी ठरते, हा या संकराचा गाभाच त्यात अभावितपणे उतरला आहे.

दुसऱ्या चित्रपटात मारिया फ्रँकेनस्टाईन आपल्या घराण्याचे प्रयोग अमेरिकेच्या नैर्ऋत्य सीमाभागात पुढे चालवते, कारण तेथे विजांची वादळे वारंवार होतात. जेसी जेम्सचा जखमी साथीदार हँक याच्या मेंदूवर ती शस्त्रक्रिया करते. कथेप्रमाणे मारिया ही मूळ फ्रँकेनस्टाईनची नात आहे. शीर्षकात मात्र ती कन्या झाली आहे.

अखेरची वर्षे

या जोडीनंतर बोडीन यांनी चित्रपटगृहांसाठी नवा चित्रपट केला नाही. दूरचित्रवाणीचे काम काही काळ चालू राहिले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हॉलिवूडमधील कार्यरत दिग्दर्शकांत ते वयाने सर्वांत ज्येष्ठ समजले जात. १९७० मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकारामुळे रक्तात विषद्रव्ये साचून त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये त्यांच्या नातीने लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.