भास्कराचार्य आणि मातीचा गोल
भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधील. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला. पूर्वाचार्य लल्ल यांचे गोलपृष्ठाचे सूत्र चुकीचे आहे, हे त्यांनी निर्भयपणे दाखविले. मातीचा किंवा लाकडाचा गोल करून त्यावर वर्तुळे काढावीत, मधल्या पट्ट्यांची क्षेत्रफळे मिळवावीत, म्हणजे परिघ गुणिले व्यास हे पृष्ठफळ येते. मध्यबिंदूत टोके मिळणाऱ्या सूचींच्या बेरजेने घनफळ येते, असे त्यांनी स्वतःच्या टीकेत समजाविले. आजच्या संकलनाचे बीज ते हेच. नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या ज्ञातीतील मुलामुलींनी सूत्रे घोकण्यापूर्वी एकदा मातीचा गोळा हाती घ्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.