सयाजीराव महाराज आणि पुस्तकांच्या पेट्या

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, आणि बाराव्या वर्षी त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. हेच पुढे सयाजीराव महाराज गायकवाड. सक्तीच्या शिक्षणाने प्रजा वाचू लागली खरी. परंतु शाळा सुटल्यावर पुस्तक मिळेना, तेव्हा शिकलेले विसरले जाई. म्हणून १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नामक ग्रंथपाल आणविले. राजवाड्यातील ग्रंथ सर्वांस खुले झाले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी विनामूल्य फिरू लागल्या. निरक्षरांसाठी मॅजिक लँटर्नचे खेळ होत. गावाने वर्गणी जमविली की सरकारही तेवढीच भर घाली. ही युक्ती आम्हांस फार आवडते. आमचे मिसरोद पडले भोपाळ संस्थानात. नाही तर एखादी पेटी येथेही उतरली असती.